शिमिटात गूळ

जावयाच्या घरी सासूनं तोंड उघडू नये म्हणतात. मी पंधरा दिवस उघडलं नव्हतं. सोळाव्या दिवशी उघडलं आणि भरल्या ताटावरून उठले.

झालं असं. माझे जावई अमरावतीला शाळामास्तर आहेत. पोरांसाठी ते शब्दांची एक वही तयार करतात. नवीन आलेला शब्द एका बाजूला, त्याचा अर्थ दुसऱ्या बाजूला. रेल, तिकीट, इंजन, असले सगळे. त्या दिवशी जेवायला दोन पाहुणे होते, तेही मास्तरच. मला म्हातारीला आधीच चुलीजवळ वाढलं होतं. बाहेर जावयांनी वही वाचायला घेतली. "सिमेंट. दगडविटा घट्ट जोडणारी विलायती पूड. पाण्यात कालवतात. पाण्याखालीही घट्ट होते." मग हसून म्हणाले, "आमच्या सासऱ्यांनी त्यात गूळ घातला होता! लाडूच वळायचे असतील." पाहुणे ठसका लागेपर्यंत हसले. माझी पोरगीही हसली. हातात वरणाची वाटी घेऊन हसली.

पाहुणे गेल्यावर जावई दाराशी येऊन उभे राहिले. "आई, काही चुकलं का आमचं?"

"चुकलं," मी म्हटलं. "अर्थ चुकला. मी सांगते तो लिहा. आणि सगळा लिहा. लिहून झाला की खाली माझा अंगठा घ्या, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की म्हातारी बरळली."

तर आज सवड काढून ते लिहिताहेत. मी 'मले' म्हणते, ते 'मला' लिहितात. चालू द्या. शिकलेल्या माणसाला तेवढी मुभा द्यावीच लागते.

आम्ही मूळचे अकोटकडचे शेतकरी. काळी जमीन भावाभावांत वाटून वाटून पंचाएवढी झाली, म्हणून माझ्या सासऱ्यांनी थापी धरली आणि घराणं गवंड्याचं झालं. लग्न होऊन आले तेव्हा मला भाकरी धड थापता येत नव्हती, पण सासूबाईंनी चुना मळायला शिकवला. तेव्हापासून हे बांधायचे आणि चुना मी मळायची. लोक म्हणतात, भिंत गवंडी बांधतो. बांधतो ना! पण ती उभी राहते चुन्यावर, आणि चुना माझ्या हातचा. ही गोष्ट मी ह्यांच्या तोंडावर सांगायची आणि ते हसून म्हणायचे, "बरं बाई, माह्या हातात नुसती थापी."

चुना म्हणजे सोपं काम नव्हे. भट्टीतून आलेला चुना खड्ड्यात टाकून वर पाणी सोडायचं. पाणी पडलं की तो असा खदखदतो की जवळ उभं राहवत नाही. माझा स्वभावही तसाच, म्हणून हे मला लाडानं 'भट्टी' म्हणायचे. महिनाभर तो भिजला की विटांची भुकटी घालायची, बेलफळाचा गर घालायचा आणि गुळाचं पाणी. गुळानं चुना चिवट होतो, धरून राहतो. गूळ पुरेसा पडला का ते बघायला गवंडी ते पाणी जिभेला लावतो. आमचे हे तर मिटक्या मारायचे. "आज गोड झालं बरं का" म्हणाले की मी समजायची, भिंत पक्की.

आणि एक रीत होती. कामाचा पहिला चुना कालवताना गुळाचा पहिला खडा मळणाऱ्या बाईनं आपल्या हातानं टाकायचा. सासूबाई भिंतीला भीत म्हणायच्या; सांगायच्या, "भितीचं तोंड गोड कर वं माय. उपाशी भीत मानूस मागते." मी कधी ही रीत चुकवली नाही. ह्यांचा जीव भिंतीशी होता आणि माझा ह्यांच्याशी, मग चुकवीन कशी?

मग ती वर्षं आली. सातासमुद्रापलीकडे कुठे लढाई लागली आणि इकडे आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. बाप्पा, काय ते दिवस! ज्याच्या बैलाच्या अंगावर झूल नव्हती, त्याच्या बैलाच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या. ज्याचं घर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या कुडाचं, तो म्हणायचा मला चुन्याचं बांधून द्या, आणि तेही येत्या पावसाच्या आत. चुना महिनाभर भिजतो हे कोणाला ऐकायलाच नको. जो तो घाईत. ह्यांना बोलावणी यायची, आणि बोलावणारा म्हणायचा, बाईलेही घेऊन या. तेवढ्यानं माझी मान ताठ व्हायची. ताठ म्हणजे फारच ताठ. आता लिहूनच घेताय तर हेही लिहा.

त्याच सुमारास अकोल्याच्या बाहेर एका शेठनं रुई दाबायचा कारखाना काढला. त्याच्या इंजनाला पाणी लागणार म्हणून आधी विहीर. चाळीस हात खोल, एवढी रुंद की दोन बैलगाड्या आत फिरतील. हे काम ह्यांना मिळालं. आम्ही तिथेच झोपडी घालून राहिलो. पोरगी तेव्हा वर्षाची होती, माझ्या कडेवर किंवा झोळीत. चार महिन्यांत भिंत खालून वर काठापर्यंत आली. आणि वर दगड बसत असताना खाली पूर्वेच्या अंगाला झरा फुटला.

झरा फुटणं म्हणजे खरं तर आनंद. पण हा भिंतीच्या बुडाखाली फुटला. पाणी बुडाखालची माती घेऊन गेलं आणि तिथे माणूस वाकून आत जाईल एवढी पोकळी झाली. वर एवढी भिंत, खाली काही नाही. ह्यांनी मेळघाटच्या सागाच्या सहा बल्ल्या खाली उभ्या करून भिंत तोलून धरली. चार मोटा दिवसभर पाणी उपसत होत्या. दोनदा माझा चुना आणि दगड त्या पोकळीत भरून पाहिला. दोन्ही वेळा पाण्यानं चुना धुऊन नेला आणि दगड उघडे पाडले. चुन्याला घट्ट व्हायला दिवस लागतात, पाणी तेवढं थांबत नाही. मला त्या पाण्याचा इतका राग आला की मी विहिरीत वाकून त्याला शिव्या घातल्या.

तेव्हा शेठनं रेलच्या पुलाच्या कामावरून चार पिंपं आणवली. लाकडी पिंपं, लोखंडी पट्ट्यांची, आत राखेसारखी बारीक पूड. पिंपांबरोबर पुलाचा एक मिस्त्रीही आला, हिंदुस्थानी बोलणारा, अंगात कोट आणि पायात बूट. त्याच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. शिमिट. मी विचारलं, शिमिट म्हणजे काय? तो म्हणाला, विलायती चुना. पाण्यात घट्ट होतो, तीन दिवसांत दगड.

मला हसू आलं. महिनाभर भिजवलेला माझा चुना वाहून गेला आणि ही राख तीन दिवसांत दगड होणार!

मी माझ्या नेहमीच्या मडक्यात गुळाचं पाणी करून ठेवलं होतं. मिस्त्रीनं ते बघितलं. "ये क्या है?" मी सांगितलं. त्यानं पायानं मडकं कलंडवलं. बुटाच्या पायानं. गुळाचं पाणी मातीत गेलं. "बाई, सिर्फ पानी. दूसरा कुछ नहीं." आणि माझ्या चुन्याच्या ढिगाकडे बघून म्हणाला, "वो तो मिट्टी है."

सहा खेड्यांत माझ्या चुन्याचं नाव होतं, जावईबापू. मिट्टी म्हणाला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि डोळ्यांनीच सांगितलं, गप्प राहा. मी गप्प राहिले. पण आत चुना उकळत होता.

मिस्त्रीनं पहिली पाटी स्वतः कालवली. एक भाग शिमिट, दोन भाग रेती, पाणी. त्यातला भाकरीच्या उंड्याएवढा गोळा एका कौलावर ठेवला, वर ओलं पोतं टाकलं आणि म्हणाला, तिसऱ्या दिवशी हा गोळा हातोडीनं वाजवून बघायचा, मगच बल्ल्या काढायच्या. आजचा माल भरून झाला की तोवर खाली कोणी जायचं नाही, भरलेल्या कामाला कोणी बोट लावायचं नाही. मग तो ह्यांना घेऊन दोराच्या पाळण्यात बसून खाली उतरला, पोकळीत माल कसा ठासायचा ते दाखवायला. वर कालवायचं काम माझ्यावर सोडून गेला.

मी पाण्याच्या रांजणापाशी एकटी. समोर ती करडी पूड. खाली ह्यांच्या डोक्यावर चाळीस हातांची भिंत. आणि मनात सासूबाईंचा आवाज, उपाशी भीत मानूस मागते.

राग तर होताच, पण खरं सांगते, रागापेक्षा भीती मोठी होती. आजवर एकही भिंत मी उपाशी ठेवली नव्हती, आणि ही तर सगळ्यांत अवघड. मी झोपडीत गेले. नारळाएवढा गुळाचा खडा आणला, ठेचला आणि रांजणात टाकला. हातानं ढवळला. त्याच पाण्यात मी उरलेला सगळा माल कालवला आणि पाट्या भरभरून खाली सोडल्या. जिवाला एवढं बरं वाटलं! मिस्त्रीचा नुसता पाण्याचा, माझा गुळाचा. बघू कोणाचा पक्का होतो ते. म्हणून मीही माझ्या मालाचा एक गोळा एका खापरावर ठेवला, ओल्या फडक्यात गुंडाळला आणि झोपडीत माठाच्या तिवईखाली लपवला. तिसऱ्या दिवशी तो मिस्त्रीच्या गोळ्याशेजारी ठेवून त्याला विचारायचं होतं, आता सांग, मिट्टी कोणती?

संध्याकाळी हे वर आले. चेहरा मालानं माखलेला. माझ्याकडे बघून थोडे हसले, बोलले काही नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री रांजणापाशी थांबला. मुंग्यांची रांग रांजणाच्या बुडापर्यंत आली होती. तो वाकून बघत राहिला.

"इतनी चींटियाँ?"

"पोरीनं भाकरीवरचा गूळ सांडला," मी म्हटलं.

पोरगी झोळीत झोपलेली होती. त्यानं तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पुढे गेला. तेव्हा मी सांगितलं असतं तर काही बिघडलं नसतं. सगळा माल खरवडून काढता आला असता. दोन पिंपं अजून पुलाच्या कामावरून आणता आली असती. फार तर बोलणी बसली असती. पण मला वाटत होतं, उद्या माझा गोळा बोलेल, मी कशाला बोलू?

तिसरा दिवस. उन्हं वर आली तसा शेठ आला, त्याचा मुनीम आला, बघायला आजूबाजूचे लोक आले. कारण इंजन मुंबईहून निघालं होतं आणि शेठचा जीव पाण्यात अडकला होता. मिस्त्रीनं पोतं काढलं. हातोडी घेऊन गोळ्यावर मारली. टण्ण! पुन्हा मारली. टण्ण! लोकांनी 'अरे वा' केलं. एकानं दातानं चावून बघितला आणि दात धरून बसला. सगळे हसले. मिस्त्री म्हणाला, "निकालो लकड़ी."

बल्ल्या जिथे उभ्या होत्या तिथलंच काम राहिलं होतं. त्या काढून ती जागा भरायची होती. काढायला एकच माणूस आत मावत होता. ह्यांनी कमरेला दोर बांधला. कामाच्या वेळी दोराची आमची खूण ठरलेली असायची. एक हिसका म्हणजे थांबा, तीन म्हणजे वर घ्या. ते पाळण्यात बसले आणि मला म्हणाले, "पोरीच्या माय, भाकर गरम ठेव. हे झालं का आलोच."

मी भाकरीकडे नाही गेले. मी माठाकडे गेले. पोरगी कडेवर होती. फडकं सोडलं, खापर हातात घेतलं. माझा गोळा छान दिसत होता, काळसर, ओला, चकचकीत. मी लाडानं त्यावर अंगठा टेकवला.

अंगठा आत गेला.

नखापर्यंत आत गेला. मी काढला तर खोल खळगा पडलेला. तीन दिवसांनी! त्याचा दगड, माझा चिखल. आणि माझाच माल त्या भिंतीखाली होता. सगळा माझा.

अवं माय! मी कशी पळाले ते मला आठवत नाही. एका हातात खापर, कडेवर पोर. परवा वरणाची वाटी घेऊन हसली ती हीच पोर. विहिरीच्या काठाशी मुनीमानं मला अडवलं, "ओ बाई, काठावर नको!" मी त्याला खांद्यानं ढकललं. खाली वाकून ओरडले, "वर या! अहो, वर या!" पण चारी मोटांची चाकं करकरत होती, बैलांना हाकणारे ओरडत होते. माझा आवाज चाळीस हात खाली पोचेना. खालून ठक ठक ऐकू येत होतं. ते पहिल्या बल्लीची पाचर काढत होते. मग ठक ठक थांबलं आणि पाण्यात काहीतरी पडलं. पहिली बल्ली निघाली होती.

मी दोर धरला आणि तीन हिसके दिले. खालून एक हिसका आला. थांबा. पुन्हा तीन दिले. पुन्हा एक. आणि परत ठक ठक सुरू.

"काय करून राहिली बाई तू?" रहाटावरचा गडी म्हणाला.

मी मिस्त्रीपाशी गेले आणि खापर त्याच्या छातीशी धरलं. "तुमचा गोळा खाली नाही! खाली हा आहे! हा बघा!" त्याला माझं बोलणं किती कळलं कोण जाणे, पण त्याला अंगठ्याचा खळगा दिसला. त्यानं स्वतःचं बोट त्यात घातलं. मग त्याचा चेहरा असा उतरला की तो वाईट माणूस नव्हता हे मला तेव्हाच कळलं. हातोडी टाकून त्यानं दोर धरला. "खींचो! सब छोड़ो, खींचो!"

चार जणांनी दोर ओढला. मीही ओढला, पोरीला तिथेच मातीत बसवून. दोर जड झाला, हलला, आणि हे वर येऊ लागले, पाळणा खालीच राहिला, नुसते कमरेवर लटकत. अर्ध्यावर आले असतील नसतील, खाली धप्प झालं. मग दुसरं, मोठं. विहिरीतून वारा वर आला आणि पाणी काठापर्यंत उडालं. भिंत पूर्वेच्या अंगानं बसली होती. दोर माझ्या हातात होता आणि तो अजून जड होता, एवढंच मला समजत होतं. जड आहे म्हणजे माणूस आहे.

ते काठावर आले. जिवंत. पण वरून सुटलेला एक दगड त्यांच्या उजव्या हातावर आला होता. तीन बोटं चेंदली होती. मी पदर फाडून बांधत होते आणि देवाचं नाव घेत होते. लोक 'वाचला, वाचला' म्हणत होते. मग मिस्त्री समोर आला. खापर हातात धरून त्यानं विचारलं, "किसने डाला? क्या डाला इसमें?"

माझं तोंड सात गावांत गाजलेलं. भांडणात मी कोणाला हार गेले नाही. त्या वेळी तोंड उघडलं नाही. मी ह्यांच्या हाताकडे बघत राहिले.

"म्या टाकला," हे म्हणाले. "गूळ."

मिस्त्रीनं त्यांच्या तोंडात मारली. सगळ्यांसमोर. रक्त येत असलेल्या माणसाच्या. शेठ काहीबाही बोलला, मुनीम बोलला, पुढच्या कारखान्याचं काम गेलं, ते सगळं गेलं ते गेलं. ती चापट माझी होती आणि मी ती त्यांना खाऊ दिली. हे लिहा, जावईबापू. थांबू नका. लिहा.

गाडीतून अकोटकडे परतताना मी विचारलं, "तुमाले कसं मालूम पडलं?"

"खाली माल ठासून राहिलो होतो, ओठाले लागला. गोड लागला."

"मंग त्याच वेळी बोलले काहून नाई?"

ते रस्त्याकडे बघत होते. मग म्हणाले, "मले वाटलं, तू टाकला म्हंजे पक्कंच होईल. तुह्या हातचा चुना कधी वाया गेला का?"

मी गाडीत मोठ्यानं रडले. म्हटलं, उद्याच्या उद्या जाऊन सांगते, सगळ्यांसमोर सांगते. तर माझ्यावर पहिल्यांदा आणि शेवटचे रागावले. "खबरदार! माहा हात तं गेला. आता तुह्याच हातावर घर. बाईनं काम बिघडवलं म्हनलं तं तुले कोनी चुन्याले शिवू देनार नाई. मंग पोरीले काय दगड चारशीन?"

तेच झालं. त्यांच्या त्या हातात थापी पुन्हा राहिली नाही. ते माझ्या हाताखाली पाणी भरू लागले, विटा कुटू लागले. माझ्या चुन्याचं नाव उलट वाढलंच. गवंडी दुरून बोलावून न्यायचे. आणि ह्यांना लोक 'गुळ्या' म्हणायचे. बाजारात गेले की कोणी तरी विचारायचं, "काय भाऊ, शिमिट किती गोड झालं?" पुढे तो शब्द सगळीकडे झाला. पूल झाले, स्टेशनं झाली, शिमिट म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही कळू लागलं, तसतशी ह्यांची थट्टाही वाढली. कोणी भलत्या ठिकाणी भलतं शहाणपण केलं की आमच्याकडे म्हणू लागले, शिमिटात गूळ टाकला. हे ऐकायचे आणि हसायचे. मी आत चुलीपुढे बसून ऐकायची. मला म्हणावंसं वाटायचं, अरे मेल्यांनो, तो माणूस तुमच्यासारख्या दहा जणांच्या तोडीचा होता. म्हटलं नाही. आधी पोटासाठी म्हटलं नाही. मग पोरीच्या लग्नासाठी. ते गेल्यावर तर अडवणारं कोणी नव्हतं, तरी म्हटलं नाही. एवढी वर्षं खोटं अंगावर घेतलं की ते काढायला लाज वाटते.

पोरीलाही सांगितलं नाही. ती बापाच्या मूर्खपणावर हसत वाढली आणि ते तिला हसू देत होते. परवा तुम्ही वहीतून वाचलंत आणि ती हसली तेव्हा मला गाडीतला तो रस्ता दिसला. ह्यांचा तो रागावलेला चेहरा दिसला. म्हणून मी ताटावरून उठले.

तर तुमच्या वहीत अर्थ असा लिहा. शिमिट म्हणजे विलायती पूड, हे बरोबर आहे. पाण्याखाली घट्ट होते, हेही बरोबर. त्यात नुसतं पाणी घालावं, दुसरं काही घालू नये. आणि अकोल्याला एका विहिरीवर एका गवंड्याच्या बायकोनं त्यात गूळ घातला होता. बायकोनं. गवंड्यानं नाही.

इथवर लिहून जावयांनी टाक खाली ठेवला. पोरगी दाराला धरून उभी होती, कधीची उभी होती कोण जाणे. मग जावयांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि शाई आणायला उठले.

"शाई राहू द्या," मी म्हटलं.

मी माझं गाठोडं सोडलं. त्यात लुगड्याच्या घडीत ते खापर आहे. मिस्त्रीनं ते फेकलं होतं, मी उचलून आणलं. मला वाटलं होतं, चिखल आहे, वाळून झडून जाईल. पण गुळाचं शिमिट मरत नाही, नुसतं उशीर करतं. पंधरा-वीस दिवसांनी बघितलं तर तो गोळा दगड झाला होता. हातोडीनं फुटत नाही असा. तो खळगा तसाच आहे, नखाची कड दिसते, कातडीच्या रेघासुद्धा दिसतात.

मी ते खापर कागदावर ठेवलं आणि म्हटलं, "अंगठा मी त्याच दिवशी केला होता."